पुढची सीट

"थोरली पुढं ये. धाकटे, तू मागं बस, आईजवळ."

किती जुना आवाज हा, बाबांचा. बस डेपोच्या फाटकातून बाहेर पडायची, बाबांच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट असायचा, आणि त्यांच्या शेजारी, इंजिनाच्या कोमट झाकणावर फडक्याची घडी टाकून ताई बसायची. राणीसारखी. धाकटी मागच्या बाकावर आईच्या कुशीत. तिथून तिला दिसायची ती ताईची वेणी, आणि वेणीच्या पलीकडचा सगळा रस्ता. पुढं आई गेली, बस भंगारात गेली, बाबा निवृत्त झाले, दोघी बहिणींच्या भांगात चांदी आली. त्या आवाजाला मात्र म्हातारपण आलं नाही. गाडीच्या दाराला हात लागला की तो धाकटीच्या कानाशी हजर.

आत्ताही गाडीतून उतरताना तो आला, आणि आता ती सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपुढे उभी होती. काउंटरपलीकडचा निळ्या टायचा पोरगा तिला तेच सांगत होता जे त्यानं मागच्या खेपेला सांगितलं होतं. गाडीत काही दोष नाही. टेस्ट राइड घेतली, ब्रेकचा आवाज आला नाही. शिवाय थोडाफार आवाज सगळ्याच नव्या गाड्यांना येतो.

"माझ्या ताईच्या गाडीला येत नाही," धाकटी म्हणाली.

"त्यांची गाडी कोणती?"

"जुनी. दारं दोरीनं बांधायची बाकी राहिलीत."

टायवाला हसला. मग आवाज खाली आणून, घरच्यासारखं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मॅडम, राग मानू नका. तुमच्याशिवाय हा आवाज आणखी कुणी ऐकलाय का?"

धाकटीच्या कानाची पाळी लाल झाली. "माझ्या वडिलांनी ऐकलाय. जन्मभर बस चालवलीय त्यांनी."

"मग काकांनाच घेऊन या ना एकदा. त्यांच्यासमोर आवाज आला तर मी स्वतः वर बोलतो. ब्रेकचा अख्खा सेट बदलून देऊ."

तो तिला वाटेला लावायला बोलला होता. पण तिनं ते शब्द पदराला गाठ मारावी तसे बांधून घेतले.

गाडी तिनं बाबांसाठी घेतली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला म्हणाली, दुकानात जायचे हाल होतात. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर मान खाली, चाकाची घरघर, बोटांवर पाण्याची पांढरी राबडी. नवरा म्हणाला, घे की, माझी ना थोडीच आहे. पण मनातून तिला एकच दिसत होतं: बाबा पुढच्या सीटवर, आणि स्टिअरिंगवर ती.

गाडी ताब्यात आली त्या दिवशी ती आधी घरी गेलीच नाही, थेट बाबांच्या दोन खोल्यांपुढे जाऊन थांबली. बाबा काठी टेकत बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर बोटं वाजवली, टायरला चपलेनं डिवचलं. मग पुढच्या सीटवर बसले आणि सायीच्या रंगाच्या त्या कापडावरून तळवा फिरवत म्हणाले, "कापड फार गोरं घेतलंस गं."

पहिल्याच वळणावर ब्रेक किंचाळला. ओल्या पाटीवर नवी पेन्सिल उभी धरून ओढावी, तसा. धाकटीच्या दातांना कळ गेली. "बाबा, ब्रेक वाजतोय ना हो?" असं ती म्हणाली आणि शेजारी पाहिलं, तर बाबांचे दोन्ही पाय पायाखालच्या चटईवर घट्ट रोवलेले. एक हात दाराच्या मुठीला. ओठ मिटलेले. जणू तिच्या हातातली गाडी ते स्वतःच्या पायांनी थांबवू पाहत होते. परत आल्यावर तर गाडी पुरती थांबायच्या आत त्यांनी दार उघडलं आणि मागं न बघता घरात गेले.

पुढच्या आठवड्यात गुडघ्याच्या व्यायामासाठी त्यांना दवाखान्यात न्यायला ती गेली, तेव्हा ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "तो वाजणारा ब्रेक आधी नीट करून घे. मग बसेन."

आणि ताईच्या गाडीतून गेले.

तेव्हापासून धाकटीच्या आयुष्यात दुसरं काही राहिलं नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी ब्रेक साफ करून दिले. मग पॅड घासून दिले. मग म्हणाले हवेतला ओलावा, मग म्हणाले चाकाच्या तबकडीवरचा गंज, मग म्हणाले मॅडम तुम्ही ब्रेक हळू दाबता, जोरात दाबत चला. एकदा पॅड बदलून दिले आणि चार दिवस असे शांत गेले की तिनं बाबांना फोन लावायला हात उचलला. तेवढ्यात अंगणात गाडी मागं घेताना तो पुन्हा ओरडला. दर खेपेला गाडी धुऊनपुसून परत मिळायची, पायाखाली कोरा कागद अंथरलेला, आणि सीट कुणा लांबड्या माणसासाठी मागं सरकवलेली. संध्याकाळी गोड आवाजाच्या मुलीचा फोन यायचा, सेवेबद्दल समाधानी आहात ना, पैकीच्या पैकी गुण द्याल ना. धाकटी तिला सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकवायची. ती मुलगी सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, धन्यवाद, मग पैकीच्या पैकी लिहू?

नवरा म्हणायचा, "गाडी नाही आणलीस तू, सवत आणलीस. झोपेतसुद्धा तिचंच नाव."

तिला हसू यायचं नाही. कारण सवत होती, पण ती गाडी नव्हती.

ताईची गाडी जुनी. दाराला पोचे, आरशाला तडा, सीटवर कसलंसं जाडंभरडं गोधडीवजा कापड. तिला ना रूप ना रंग. पण तिच्यात बाबा बसायचे. एकदा दुकानातून येताना सिग्नलला धाकटीची गाडी थांबली, आणि पलीकडच्या रांगेत ताईची. पुढच्या सीटवर बाबा झोपले होते. डोकं मागं टाकून, तोंड उघडं, हात मांडीवर सैल. शेजारी ताई एका हातानं स्टिअरिंग धरून बसलेली, दुसऱ्या हातानं तिनं बाबांच्या छातीवरचा पट्टा नीट केला, जसं लेकराचं पांघरूण सारखं करावं. धाकटीनं काच खाली केली नाही. हाक मारली नाही. सिग्नल सुटला, ती गाडी निघून गेली, मागच्यानं हॉर्न वाजवला तरी ही तिथंच. माझ्या गाडीत पाय रोवून बसणारा माणूस हिच्या खटाऱ्यात झोपतो. म्हणजे भरवसा कुणावर आहे ते कळलंच. ती पुढं, मी मागं. जन्मभर.

मत्सराला खायला फार लागत नाही, आणि धाकटी त्याला रोज काहीतरी घालत होती. ताई बोलता बोलता "बाबा परवा म्हणत होते" म्हणाली, ते घातलं. बाबांच्या खोलीची दुसरी किल्ली ताईच्या जुडग्यात दिसली, ती घातली. बाबांचे कपडे धुवायला ताई आपल्या घरी नेते, हेही तिनं असंच मनात नेऊन ठेवलं. एवढं कसलं प्रेम उतू चाललंय? त्यांच्या घरात नळ नाही का?

एकदा तिनं ताईला फोनवर टोचलंच. म्हणाली, बाबांना आता माझ्या गाडीची भीती घालून ठेवलीय कुणीतरी. ताई म्हणाली, "अगं, त्या गाडीचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

"मग कशाचं लावून घेऊ?"

 मग ताई म्हणाली, "काही नाही. गॅसवर भाजी आहे, ठेवते मी."

बघा, धाकटी मनाशी म्हणाली. बोलायलासुद्धा वेळ नाही राणीसरकारांना.

टायवाल्याचे शब्द गाठीला बांधून आली तेव्हा तिच्या मनात सगळं जुळून आलं. बाबांना न्यायचं. त्यांच्यासमोर आवाज काढायचा. अख्खा सेट बदलून घ्यायचा. मग बाबांकडं कारण राहणार नाही, आणि ताईकडं बाबा.

त्यासाठी ती दोन माणसांशी खोटं बोलली. ताईला फोन करून म्हणाली, या आठवड्यात तू नको येऊस, बाबाच म्हणालेत धाकटीबरोबर जातो. ताईनं दोनदा विचारलं, ते स्वतः म्हणाले? नक्की? धाकटी म्हणाली, तुला का एवढं नवल वाटतंय? आणि बाबांना जाऊन म्हणाली, ताईला आज जमत नाही, तिनंच मला पाठवलंय.

बाबा खुर्चीत बसून होते. त्यांनी खिडकीतून गाडीकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. "आजचा व्यायाम राहू दे," म्हणाले.

"राहू दे कसं? चला."

"मग जरा थांब. आत जाऊन येतो."

ते आत गेले आणि लवकर येईनात. धाकटीनं बाहेरून हाक मारली, मग गाडीत जाऊन हॉर्न दिला. ताईला असं ताटकळत ठेवतात का कधी, असं तिच्या मनात आलं. शेवटी ते आले, शर्टाची खालची गुंडी चुकीच्या काजात, आणि पुढच्या सीटवर अगदी कडेला, देवळातल्या पायरीवर पाहुण्यानं बसावं तसे टेकले.

दवाखान्यात ती त्यांना नेणारच होती, पण आधी सर्व्हिस सेंटर. वाटेत बाबांनी रस्ता ओळखला. हा दवाखान्याचा रस्ता नव्हे, म्हणाले. धाकटीनं सांगितलं की एक छोटं काम आहे, तुमची साक्ष हवीय. कसली साक्ष, तर ब्रेकची. तुम्हीच तर म्हणाला होतात ना, वाजतोय म्हणून? बाबांनी पाय रोवले, दाराची मूठ धरली. धाकटीनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये काचेच्या खोलीत गार हवा सोडलेली. टायवाल्यानं काका, काका करत त्यांना सोफ्यावर बसवलं, चहा मागवला. बाबांनी चहाला हात लावला नाही. पाण्यालाही नाही. "घ्या की," धाकटी म्हणाली, "ताईकडं तर दोन दोन कप घेता." त्यांनी कप बाजूला सरकवला आणि टायवाल्याला हळूच विचारलं, "इथं ते... कुठं..." पण टायवाल्याच्या हातात तेवढ्यात किल्ली आली होती. "चला काका, लगेच निघू, दहा मिनिटांचं काम," म्हणत त्यानं त्यांचा दंड धरून उठवलंसुद्धा. बाबांनी धाकटीकडं पाहिलं. ती पुढं चालू लागली होती.

टायवाला स्टिअरिंगवर, बाबा त्याच्या शेजारी, धाकटी मागं. सेंटरच्या मागच्या गल्लीतून पहिली फेरी झाली. ब्रेक मुका. दुसरी फेरी झाली. टायवाला आरशातून तिच्याकडं बघून नम्रपणे हसला. ती म्हणाली, आणखी एक. त्यानं आणखी एक घेतली. गल्लीत खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला बाबांची मान ताठ व्हायची. "धाकटे," ते एकदा म्हणाले, "पुरे आता." त्यांचा आवाज इतका बारीक होता की तिला तो रागाचा वाटला.

"बाबा, आज नाही पुरे. आज हा आवाज निघाल्याशिवाय मी उतरणार नाही. आणि तुम्हीही नाही."

टायवाल्यानं खांदे उडवले आणि गाडी वळवायला म्हणून उतारावर मागं घेतली. घेता घेता ब्रेक दाबला.

आणि तो किंचाळला. लांब, धारदार, भिंतीवरचे पारवे उडून गेले असा. टायवाल्यानं पुन्हा मागं घेतली, पुन्हा दाबला. पुन्हा तसाच.

"आला, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर खरोखरीचं आश्चर्य होतं. "मागं घेताना हमखास येतोय. आम्ही पुढंच चालवून बघत होतो."

धाकटीला वाटलं, आपल्या छातीवरून कुणी दगड उचलला. तिनं पुढं वाकून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंत ना बाबा? ऐकलंत ना?"

 बाबा समोरच्या काचेतून बघत राहिले.

सेंटरच्या दारात गाडी थांबली तसा टायवाला उत्साहानं उतरला. आजच गाडी ठेवून घेतो म्हणाला, सगळा सेट नवा टाकू, तुम्हाला घरी सोडायला आमची गाडी देतो. धाकटीनं जाऊन बाबांच्या बाजूचं दार उघडलं. "उतरा, बाबा. जिंकलो आपण."

बाबा उतरले नाहीत. दोन्ही हात मांडीवर होते, आणि हातांत दवाखान्याच्या कागदांची पिशवी, पोटाशी धरलेली. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "दार लाव."

"अहो पण..."

"दार लाव गं."

तेव्हा तिनं पाहिलं. पिशवीखाली विजारीचा रंग वेगळा होता. सायीच्या कापडावर, मांडीच्या कडेनं, गडद कड उमटली होती आणि हळूहळू रुंद होत होती. मग तिला वासही आला.

धाकटीनं दार लावलं. अगदी हलक्या हातानं, जशी फ्रेममध्ये काच बसवायची. आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

टायवाला कागद घेऊन आला होता. इथं सही करा म्हणाला, आणि किल्ली माझ्याकडंच राहू द्या. त्याच्या मागं दोन मेकॅनिक हात पुसत येत होते. त्यांनाही आवाज ऐकायचा होता. काचेच्या खोलीतली माणसं चहा पीत इकडं बघत होती.

"गाडी आज नाही ठेवत," धाकटी म्हणाली.

टायवाल्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मॅडम, एवढे दिवस तुम्ही... आता तर आवाज सापडलाय. परत कधी येईल सांगता येत नाही. आता साहेब आहेत, लगेच मंजूर करून घेतो."

"नको."

"मग आवाज तसाच राहील."

"राहू दे," ती म्हणाली. "आम्हाला घाई आहे."

त्याच्या हातातून किल्ली जवळजवळ ओढून ती स्टिअरिंगवर येऊन बसली. काचा वर केल्या, मग अर्ध्या खाली केल्या. आपली ओढणी काढून बाबांच्या मांडीवर पसरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. फाटकाशी तिनं ब्रेक दाबला, तो किंचाळला, आणि फाटकावरच्या माणसानं कपाळाला आठी घातली.

 दवाखान्याचं वळण आलं आणि मागं गेलं. मग धाकटीच म्हणाली, "ताईला काही काम नव्हतं, बाबा. मीच खोटं बोलले. तिच्याशीही आणि तुमच्याशीही. मला तुम्ही इथं बसायला हवे होतात."

बाबांनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं की नाही, ते त्या मानेवरून कळलं नाही.

"तुम्ही आधी सांगितलं असतंत तर... ब्रेकच्या आवाजासाठी मी किती जणांशी भांडले."

"आवाज?" बाबा म्हणाले. "आत्ता तो पोरगा म्हणाला आला, तेव्हा मला कळलं आला म्हणून. असले चिरके आवाज मला ऐकू येत नाहीत गं. इंजिनाशेजारी बसून कान कधीच गेले. तू त्या दिवशी विचारलंस, वाजतोय ना हो, आणि मला निमित्त मिळालं."

धाकटीनं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवरचे तिचे हात तसेच राहिले. ती म्हणाली, "म्हणजे ताईला माहीत आहे."

"तिच्याच गाडीत झालं पहिल्यांदा. मग तिनं सीटवर ते जाड कापड टाकलं, खाली मेणकापड घातलं. काही बोलली नाही. कपडे घेऊन जाते, धुऊन आणून ठेवते. मी तिच्याकडनं शब्द घेतला होता, धाकटीला कळता कामा नये."

"का पण? ती चालते आणि मी नाही?"

हे तिच्या तोंडून इतक्या जोरात निघालं की तीच दचकली. बाबा बराच वेळ ओढणीचा काठ बोटांत घेऊन त्याची बारीक घडी घालत राहिले. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली. मग ते समोर, रिकाम्या रस्त्याकडं बघत बोलले.

"तिच्यासमोर मी म्हातारा झालो, ते झालो. त्याला इलाज नव्हता. पण तू अजून माझ्याकडं तशीच बघायचीस, मी बस काढून डेपोतून निघायचो तेव्हा मागच्या बाकावरनं बघायचीस ना, तशी. म्हटलं, एका लेकीपुढं तरी मला ड्रायव्हरच राहू दे."